क्योतोच्या वाटेवरील एकटी स्त्री

क्योतो हे ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षे जपानच्या सम्राटांच्या राजधानीचे नगर होते. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, तेथे जाणारा तोकाइदो हा राजमार्ग वाटेत ५३ मुक्काम घेऊन क्योतोतील सान्जो पुलाशी संपत असे. याच मार्गावर हाकोने येथे शोगुनांच्या राजवटीने १६१९ मध्ये चौकी बसविली. तेथे स्त्रियांची तपासणी विशेष कसून होई. सरदारांच्या बायका एदोत ओलीस असत आणि त्या निसटल्या तर बंडाळी होईल हे भय. म्हणून एदोबाहेर पडणाऱ्या स्त्रीजवळ तिच्या रूपाचे व केशरचनेचे वर्णन असलेला परवाना लागे, आणि चौकीवरील बाया तिचे केस सोडवून खात्री करून घेत. गंमत अशी की, त्यापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे, १२७९ मध्ये, आबुत्सु नावाची भिक्षुणी वारशाच्या दाव्यासाठी क्योतोहून कामाकुरास गेली होती आणि त्या प्रवासाची रोजनिशीही तिने लिहून ठेवली.

चौक्या १८६९ मध्ये उठल्या. संशय मात्र उठला नाही. रियोकान या जुन्या धर्तीच्या उतारगृहांचे मालक एकट्या स्त्रीला खोली देण्यास कचरत. प्रेमभंग होऊन जीव द्यावयास तर ही आली नसेल ना, ही त्यांची शंका! क्योतोच्या मंदिरांतून हिंडणाऱ्या अशाच एका प्रेमाने शिणलेल्या स्त्रीचे गीत १९६०च्या दशकात लोकप्रिय झाले. पुढे १९७० मध्ये सरकारी रेल्वेने देशाटनाची मोठी जाहिरात-मोहीम काढली. ‘आन आन’ आणि ‘नोन-नो’ ही तरुणींची मासिके त्याच सुमारास निघाली, आणि ती हाती घेऊन मुली एकट्यादुकट्या क्योतोस येऊ लागल्या. दुःखावाचूनही स्त्री एकटी फिरते हे व्यापाऱ्यांना पटले, ते तत्त्वचर्चेने नव्हे, गल्ल्यातील नाण्यांनी, असे म्हणावयास हरकत नाही.

आज नूडल्सच्या दुकानात लांब फळीपाशी एकटीने जेवावयास बसलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही. वाट चुकल्यास ‘कोबान’ या छोट्या पोलीस-ठाण्यात विचारावे. तीही चौकीच, पण परवाना न मागणारी. अडचणीत ११० हा क्रमांक फिरवावा. अर्थात् उपद्रव अगदीच नाही असे नव्हे. गर्दीतील अंगचटीच्या प्रकारांपायीच ओसाका-क्योतो मार्गावरील हांक्यू रेल्वेला २००२ मध्ये स्त्रियांचा वेगळा डबा जोडावा लागला. गिओनमध्ये तर छायाचित्रांसाठी गेइको-माइकोंच्या वाटा अडविणाऱ्या प्रवाशांमुळे तेथील काही खासगी गल्ल्या २०२४ मध्ये पर्यटकांस बंद करण्यात आल्या. तेव्हा पाहुणी स्त्री असली तरी तिनेही कॅमेरा आवरावा, हे उचितच.

फुशिमी इनारीची टेकडी मात्र रात्रीही खुली असते. वर चढत जावे तसतशी वर्दळ विरळ होते आणि रानडुकरेही आढळतात. एकटीने जावयाचे तर पहाटेच निघावे. तांबड्या कमानींच्या रांगांमध्ये तेव्हा गर्दी नसते आणि पुढची वाट उजाडत जाते.