पानिपतची सतरंजी : तिची वीण आणि तिचे मोल

पानिपत हे नाव कानी पडले की मराठी माणसास १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. आजच्या पानिपतची ख्याती मात्र निराळ्याच कारणाने आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेले व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात समाविष्ट झालेले हे शहर सतरंज्या, कांबळी, पडदे आणि पलंगपोस यांचे मोठे कोठार बनले आहे. १९४७ च्या फाळणीत येथील पुष्कळ मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले; पश्चिम पंजाबातून निर्वासित आले, आणि त्यांतील अनेकांनी माग हाती धरला. जॉन बिसेल या अमेरिकन गृहस्थाने १९६० मध्ये दिल्लीत ‘फॅबइंडिया’ स्थापन केली तेव्हा परदेशी धाडण्याच्या गृहवस्त्रांसाठी त्याने पानिपतच्याच मागांचा आधार घेतला.

दिल्लीच्या दुकानांत आता अशा सतरंजीवर तीन विशेषणे लिहिलेली आढळतात : ती हाताने विणलेली आहे, निसर्गास अपाय न करणारी आहे आणि विणकरास रास्त दाम देऊन घेतलेली आहे. ही विशेषणे खरी की केवळ शोभेची, हे ठरविण्यासाठी सतरंजीची वीणच प्रथम समजून घ्यावी लागते.

मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसविलेल्या धाग्यांस ताणा म्हणतात व त्यांतून आडवा जाणारा तो बाणा. सर्वसाधारण कापडात दोन्ही सारखेच दिसतात. सतरंजीत तसे नसते. तिचा ताणा विरळ असतो. जाड बाणा त्यातून सैलसर ओवून लोखंडी दात्यांच्या पंजाने असा ठोकून बसवितात की ताणा पूर्णपणे झाकला जातो. पंजाच्या आकाराच्या या हत्यारावरूनच त्या सतरंजीस ‘पंजा दरी’ हे नाव पडले. नक्षी असली तर धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी असते, ती आपल्या रंगापुरतीच जाऊन मागे फिरते. त्यामुळे उलट्या बाजूस लोंबते धागे राहत नाहीत, नक्षी दोन्ही अंगांनी सारखी उमटते, आणि एक बाजू मळली वा झिजली की सतरंजी उलटून अंथरता येते. वापराचे आयुष्य वाढविण्याची याहून साधी युक्ती क्वचितच सापडेल.

या विणीचा आणखी एक परिणाम आहे व तो विशेष महत्त्वाचा आहे. मागावरील सारा ताण ताण्यावर पडतो, म्हणून त्याचे सूत चिवट, लांब तंतूंचे असावे लागते. बाण्यास तसा ताण सोसावा लागत नाही. त्याने जागा भरावयाची आणि पायाखालची झीज सोसावयाची. अर्थात तो आखूड तंतूंच्या जाड्याभरड्या सुताचाही चालतो, आणि असे सूत चिंध्यांपासून करता येते.

पानिपतचा दुसरा मोठा धंदा तो हाच. थंड देशांत टाकून दिलेले लोकरी कपडे कांडला बंदरात उतरतात. ते पुन्हा वस्त्र म्हणून विकले जाऊ नयेत यासाठी आधीच फाडलेले असतात. पानिपतला त्यांची बटणे, साखळ्या व अस्तरे काढून रंगांप्रमाणे ढीग लावले जातात. हे निवडीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. लाल रंगाच्या छटा वेगळ्या ओळखणारी त्यांची नजर हे त्या धंद्यातील खरे यंत्र आहे, असे म्हणावयास हरकत नाही. नंतर दातेरी रुळांच्या यंत्रात कापडाचे पुन्हा तंतू केले जातात, ते पिंजून त्यांचे सूत काढतात. फाडण्याच्या या क्रियेत तंतू तुटून आखूड होतात, म्हणून या सुताचे तलम कापड होत नाही, कांबळे होते. सुती कापडाच्या कात्रणांवरही अशीच क्रिया करून सतरंज्या व पायपुसण्यांसाठी सूत काढतात. संकटग्रस्तांस वाटावयाच्या कांबळ्यांचा फार मोठा भाग पूर्वी येथे तयार होई. पुढे पॉलिएस्टरच्या हलक्या व स्वस्त कांबळ्यांनी ती मागणी पुष्कळशी हिरावून घेतली.

निसर्गाच्या दृष्टीने खरा लाभ आहे तो रंगाचा. लाल चिंध्यांचे सूत लालच निघते. ते पुन्हा रंगवावे लागत नाही. रंगाईला पाणी, उष्णता, क्षार व रसायने लागतात, आणि त्यांतील न चिकटलेला रंग सांडपाण्याबरोबर जातो. तो कोठे जातो, हे दिल्लीकरांनी अवश्य जाणून घ्यावे. पानिपतचे सांडपाणी नाल्यांवाटे यमुनेस मिळते व यमुना तेथून खाली दिल्लीस येते. वझिराबाद येथे नदीच्या पाण्यातील अमोनियाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे एक भागापलीकडे गेले की पाणी शुद्ध करण्याचे काम मंदावते, कारण शुद्धीकरणासाठी घातलेला क्लोरीन अमोनियाशी संयोग पावून खर्ची पडतो. दिल्लीच्या जलमंडळाने हा प्रश्न वारंवार मांडला असून वरच्या अंगाच्या कारखान्यांकडे, त्यांत रंगाईच्या कारखान्यांकडेही, बोट दाखविले आहे. बैठकीच्या खोलीतील भडक सतरंजी आणि स्वयंपाकघरातील कोरडा नळ यांचे नाते असे जवळचे असू शकते.

तथापि जुन्या कपड्यांच्या या धंद्यास निर्दोष म्हणता येणार नाही. चिंध्या फाडताना व पिंजताना बारीक तंतूंची धूळ हवेत भरते आणि ती श्वासावाटे कामगारांच्या फुप्फुसांत जाते. सुती धुळीने होणारा छातीचा विकार वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. धूळ ओढून घेणारे पंखे व तोंडावर नीट बसणारी पट्टी नसेल तेथील सूत निसर्गास कितीही अनुकूल असले, तरी ते माणसास अनुकूल नाही.

आता दामाकडे वळू. समजा, चार फूट रुंद व सहा फूट लांब सतरंजी विणावयाची आहे आणि दर इंचास बाण्याच्या १६ ओळी बसतात. सहा फुटांचे ७२ इंच. म्हणजे एकूण ओळी ११५२. साध्या पट्ट्यांच्या सतरंजीत एक ओळ ओवून ठोकावयास २० सेकंद धरली, तर सुमारे साडेसहा तास लागतील. नक्षीची असून प्रत्येक ओळीत आठदहा कांड्या फिरवाव्या लागल्या व ओळीस दीड मिनिट धरले, तर तेच काम जवळजवळ २९ तासांवर जाते. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, पण मर्म त्यांतून दिसेल. क्षेत्रफळ तेच, श्रम साडेचारपट. विणकरास मजुरी चौरस फुटावर मिळत असेल व नक्षी बदलल्यावर दर बदलत नसेल, तर सुंदर सतरंजी विणण्याची शिक्षाच त्यास भोगावी लागते. म्हणून रास्त व्यापाराचा पहिला प्रश्न ‘दर किती’ हा नसून ‘दर कशावर’ हा आहे.

दुसरा प्रश्न आगाऊ रकमेचा. सूत आधी विकत घ्यावे लागते, पैसा माल गेल्यावर येतो. मधल्या काळात विणकर कर्ज काढतो. जागतिक रास्त व्यापार संघटनेच्या तत्त्वांप्रमाणे हस्तकलेच्या खरेदीदाराने मागणी झाल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावयाची असते. माझ्या मते हे कलम दराच्या कलमाइतकेच मोलाचे आहे, पण जाहिरातीत त्याचा उल्लेख सहसा होत नाही.

चिन्हांविषयी थोडे सांगितले पाहिजे. भारत सरकारने २००६ मध्ये सुरू केलेले हातमाग चिन्ह वस्तू हातमागाची असल्याचे सांगते. रंगाविषयी अथवा मजुरीविषयी ते काही सांगत नाही. गालिच्यांच्या धंद्यातील बालमजुरीविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ च्या सुमारास ‘रगमार्क’ हे चिन्ह आले; २००९ पासून ते ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखले जाते. ज्यांपासून घातक अमाइने निर्माण होतात अशा अनेक अ‍ॅझो रंगांवर भारताने १९९७ मध्ये बंदी घातली. एका चिन्हाकडून तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतील अशी अपेक्षा ग्राहकाने ठेवू नये.

हाताची वीण मात्र दुकानातच पारखता येते. सतरंजी उलटून पाहावी. दोन्ही बाजू सारख्या, आणि दोन रंग भेटतात तेथे बारीक फट किंवा एकमेकांत अडकविलेले धागे दिसले, तर ती बहुधा पंजाची. रंग एकाच बाजूस असेल तर तो छापलेला समजावा. मागे रबरी चिकाने कापड चिकटविले असेल तर ती सतरंजीच नव्हे; कापडात धाग्यांचे झुपके खोचून केलेला तो गालिचा होय. त्यासही ‘हाताने केलेला’ म्हणतात, पण चिकामुळे त्याचे धागे पुन्हा सुटे करणे अवघड होते. सुती सतरंजी जीर्ण झाल्यावर पुन्हा चिंध्यांच्या ढिगात जाऊ शकते.