मुंबईचा सूर्यास्त चंद्रपुरात चालत नाही

"आपन का महाराष्ट्राच्या बाहेर रायतो का जी?" शेजारचे भाऊ दिवाळीपासून मला हेच विचारताहेत. त्यांनी व्हरांड्यात सूर्यास्ताला आपोआप लागणारा स्मार्ट दिवा बसवला आणि ॲपमध्ये गाव निवडलं मुंबई. आता काकूंची तुळशीपाशी सांजवात लावून होते, परतताना त्या अंधारात चपला चाचपडतात, तरी दिवा ढिम्म. भाऊंच्या मते दिवाच खराब.

अहो, राज्य एक, घड्याळही एक, पण सूर्याला त्याचं काय? पृथ्वीला 1 अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. मुंबई 72.9 पूर्व रेखांशावर, चंद्रपूर 79.3 वर, गडचिरोली 80 वर. करा गुणाकार. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 25 मिनिटं आधी मावळतो, गडचिरोलीत त्याहून दोन-तीन मिनिटं आधी. नोव्हेंबरअखेर चंद्रपुरात 5.32 च्या सुमारास सूर्यास्त होतो, मुंबईत सहाच्या आसपास. यावर भाऊ भिंतीवरचं कॅलेंडर दाखवतात. त्यातली वेळ कुठल्या गावची, ते बारीक अक्षर वाचा म्हटलं. निघाली मुंबईच! हवामान खात्याचं कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरसुद्धा या वेळा गावागणिक वेगळ्या काढतं. ॲपच्या यादीत चंद्रपूर नसेल तर नागपूर घ्या, फरक अगदी थोड्या मिनिटांचा.

दिवा आकाशाकडे बघतो, हाही भ्रमच. वेगळा सेन्सर नसेल तर तो तारीख आणि अक्षांश-रेखांशावरून नुसतं गणित करतो. जुलैत ढग दाटून पाचलाच काळोख झाला, तरी त्याला पत्ता नसतो.

"मग सहाचा टायमर लावू." जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त 6.57 ला असतो, लावा. सर्वांत लवकर सूर्यास्त 21 डिसेंबरला? नाही, नोव्हेंबरअखेर, 21 डिसेंबरला तो 5.38 वर गेलेला असतो. इंटरनेट गेलं की सगळं बंद? वेळापत्रक दिव्यात किंवा हबमध्ये साठवलेलं असेल तर चालू राहतं. भिंतीवरचं बटण मात्र बंद करू नका, वीजच नसेल तर स्मार्ट दिवा काय करणार! आणि उजेड असला की बिबट्या फिरकत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या औष्णिक वीज केंद्राचा परिसर आठवावा. तिथे दिव्यांची कमी नाही, बिबट्यांचीही नाही.

परवा भाऊंनी गाव बदललं. आता तक्रार अशी, की दिवा उजेडातच लागतो. सूर्य बुडाल्यावरही वीसेक मिनिटं संधिप्रकाश असतो, भाऊ. ॲपमध्ये गाव बदललं त्याच पानावर 'सूर्यास्तानंतर' असा रकाना आहे, तिथे 10 मिनिटं टाका.