घरघर, गुडगुड की टिकटिक?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेअकराला बायकोनं मला हलवून जागं केलं. "अहो, एसीत काहीतरी टिकटिक करतंय. बंद करू का?" मी पडल्या पडल्या कान दिला. टिक्. बराच वेळ शांतता. पुन्हा टिक्. म्हटलं, "त्याला काही झालेलं नाही. झोप तू."

भोसरी एमआयडीसीत मी 31 वर्षं मेंटेनन्सला होतो. बेअरिंग तपासायची आमची एक जुनी रीत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. चांगलं बेअरिंग एकसुरी घुमतं, बिघडलेलं करकरतं. आता चऱ्होलीत राहायला आलोय आणि उन्हाळा लागला की सोसायटीतली मुलं दारात येतात : "काका, आमचा एसी आवाज करतोय." मी आधी एवढंच विचारतो, "कसला आवाज?" आपल्या मराठीत आवाजाला शब्दांची कमी नाही. नेमका शब्द सापडला की निम्मं दुखणं सापडतं.

आमच्या घरातली ती टिकटिक प्लॅस्टिकची होती. एसी सुरू झाला की त्याचं कव्हर गार होऊन आकसतं, बंद झाला की पुन्हा पसरतं. त्या ताणानं टिकटिक होते. यात घाबरण्यासारखं काही नाही.

बंद केल्यावर येणारा 'फुस्स' आवाजही तसाच. नळीत एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो, दुसऱ्या बाजूला कमी. कॉम्प्रेसर थांबला की दोन्हीकडचा दाब सारखा होऊ लागतो, त्याचा तो आवाज. म्हणूनच बंद केलेला एसी लगेच चालू करू नये, तीनेक मिनिटं जाऊ द्यावीत.

पण 'सूं' सतत येतंय, खोली गार होत नाही आणि नळीवर बर्फ धरलाय, असं असेल तर गॅस गळत असण्याची शक्यता मोठी. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. माझ्याच एसीत दोन उन्हाळे ओळीनं गॅस भरून दिला गेला, गळती कुणी शोधली नाही. तिसऱ्या वर्षी मी स्वतः आउटडोअरजवळ वाकून पाहिलं. पितळी नटाभोवती तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, ते तिथून झिरपत होतं. साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे आले. मेकॅनिककडून तो जोड नव्यानं करून घेतला, मग गॅस भरला. त्यानंतर तक्रार नाही.

'गुडगुड' बहुतेकदा पाण्याच्या पाइपमधून येते. वरच्या मजल्यावरच्या एका घरात ती फक्त स्वयंपाकाच्या वेळी यायची. खिडक्या बंद आणि चिमणी चालू असली की चिमणी घरातली हवा ओढते आणि बाहेरची हवा ड्रेन पाइपमधून उलटी आत येते. खिडकी थोडी उघडायला सांगितली. गुडगुड जागच्या जागी थांबली.

'घरघर' आणि 'खडखड' मात्र मनावर घ्या. आमच्याकडे नव्या इमारतींची कामं चालू आहेत, दिवसभर डंपर जातात. ती धूळ फिल्टरवर आणि ब्लोअरच्या पात्यांवर बसते. पाती एकीकडे जड झाली की ब्लोअर थरथरतो आणि पुढे बेअरिंग खातो. म्हणून उन्हाळ्यात दर 15 दिवसांनी फिल्टर धुवा. खडखड बाहेरून येत असेल तर आउटडोअरच्या स्टँडचे नटबोल्ट आणि खालची रबरं मेकॅनिकला तपासायला लावा. यात शेजाऱ्याच्या झोपेचाही प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे.

इन्व्हर्टर एसीचा सूर चढतो-उतरतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो. तो बिघाड नव्हे.

एका आवाजाला मात्र क्षणभरही थारा देऊ नका. आउटडोअर 'हूं' करून 'खट्' बंद पडतो, पुन्हा 'हूं', पुन्हा 'खट्'. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. कपॅसिटर गेला असेल किंवा व्होल्टेज कमी असेल. तसंच स्विचमधून 'चर्रचर्र' आली किंवा जळका वास आला, तर थेट एमसीबी पाडा. आणि आउटडोअर स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो, तो जबर झटका देतो.

मेकॅनिकला फोन करण्याआधी पाच मिनिटं शांत बसून ऐका. आवाज आतून येतो की बाहेरून, चालू करताना येतो, बंद करताना की सतत, हे कागदावर लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मग त्याला "एसी आवाज करतोय" एवढंच सांगू नका. घरघर की गुडगुड, ते सांगा. आणि "गॅस कमी झालाय" असं उत्तर आलं, तर "गळती कुठे आहे ते आधी दाखवा" असं ठामपणे सांगा.