आढावा-लेखाचे मोल

नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूरच्या जमिनी क्षारपड होत आहेत, हे हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्येच लिहून ठेवले. पुढे प्रयोग पुष्कळ झाले. पण एकटा शोधनिबंध म्हणजे एका वाफ्याची साक्ष. एक सांगतो जिप्सम टाका, दुसरा सांगतो आधी निचऱ्याचे चर खोदा. दोघेही खरे असतील. एकाची जमीन चोपण असेल, दुसऱ्याची खारवट. अशा साऱ्या साक्षी एकत्र तपासून त्यांचे वजन ठरवतो तो आढावा-लेख.

माझे विद्यार्थी याला उसनवारी म्हणतात. मी बाबासाहेबांचा दाखला देतो. १९१६ मध्ये कोलंबियात जातीवरील निबंध वाचताना त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या आधी पारखल्या, मगच स्वतःचा सिद्धांत मांडला.

ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते, त्यांना आढावा शतकाच्या चर्चेत आणून बसवतो. कोणता प्रश्न राहून गेला, तेही तिथेच कळते. म्हणून मित्रांनो, असा लेख वाचताना विचारा : मातीतले मीठ मोजले, जमीन पडली तेव्हा बुडालेली मजुरी कुणी मोजली काय?