घर नांदेडला, किल्ली लातुरात

गेल्या वर्षी दसरा आटोपला आणि आमच्या घरी अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाची गडबड सुरू झाली. अण्णांनी सारा जन्म मराठवाड्यातल्या शाळांतून मास्तरकी केली. त्या दिवसांच्या आठवणींची एक छोटीशी पुस्तिका छापून पाहुण्यांच्या हाती द्यावी, असे आम्हा भावंडांच्या मनात आले. मजकूर झाला, पाने लावून झाली. आणि हे सारे होते नांदेडच्या घरातल्या जुन्या संगणकावर. मी नोकरीनिमित्त लातूरला. छापखानाही लातूरचाच. तिथले गृहस्थ म्हणाले, "सर, उद्या सकाळी नऊला फाइल हाती पडली पाहिजे. पुढे दिवाळीची कामे आहेत. तुमचा नंबर गेला की गेला."

रात्री जेवण उरकून मी लॅपटॉप उघडला आणि नेहमीप्रमाणे नांदेडच्या संगणकाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. खूण गरगर फिरत राहिली आणि शेवटी 'वेळ संपली' असा निरोप आला.

नांदेड काही विलायतेत नाही. चाकूर, अहमदपूर, लोहा असे करीत एस.टी. सुमारे १४० किलोमीटर जाते. पण रात्रीत जाऊन सकाळी नऊला परतायचे म्हणजे जिवावरच येते. आणि असा प्रसंग माझ्या एकट्यावर थोडाच येतो? लातूर पॅटर्नच्या कृपेने मुले लातुरात आणि आई-बाप नांदेडला, अशी किती तरी घरे आज दोन गावांत वाटली गेली आहेत. तेव्हा त्या रात्रीची हकीकत सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापुढे आणण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत १९८४ साली 'एक्स' नावाची पडदा रंगविणारी प्रणाली निघाली. कार्यक्रम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर दिसावी, ही सोय तिच्यात प्रथमपासूनच होती. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि लिनक्सच्या घरात एक्स नांदू लागली. आमच्या जुन्या यंत्राला नवे विंडोज पेलेना, म्हणून त्यावर आम्हीही लिनक्सच बसविले. दूरच्या माणसाला पडदा दाखविण्यासाठी त्यावर 'एक्स-आर-डी-पी' नावाचा एक द्वारपाल असतो. तो ३३८९ क्रमांकाच्या दारावर बसतो.

तरी सुरुवातीला हे दार बाहेरून सापडतच नसे. कारण असे, की इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते आहेत सुमारे ४३० कोटी, आणि यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. वाड्यात वीस बिऱ्हाडे आणि टपालपेटी एक, तसेच हे! आपण पाठविलेल्या पत्राचे उत्तर बरोबर येते. पण परक्याने आपण होऊन पाठविलेले पत्र कुठल्या बिऱ्हाडाचे, हे कुणाला कळावे? आपल्या राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपण अशा वाड्यात राहतो असे समजावे. मग राउटरमध्ये कितीही दारे उघडा, व्यर्थ. त्यावर उपाय म्हणून मी 'वायरगार्ड' पद्धतीचा खाजगी बोगदा बांधून घेतला होता. त्यात दोन्ही यंत्रे आपापल्या घरातून बाहेर पडतात आणि वाटेत एकमेकांना भेटतात. वर्षभर तो बिनतक्रार चालला होता.

मग आज काय झाले? माझी पहिली बुद्धी अशी झाली, की सगळ्याच कळा फिरवून पाहाव्यात. पण लातूरकराला पाण्याने एक शहाणपण शिकविले आहे. नळाला पाणी आले नाही, तर तो लगेच नळ उखडीत नाही. आधी टाकी पाहतो, मग मोटार, मग व्हॉल्व्ह. पाणी जिथवर पोहोचते त्याच्या पुढेच बिघाड असतो. मी त्याच वाटेने निघालो. आईला फोन लावला.

"आई, संगणक चालू आहे का गं?"

"आहे की. दुपारी जळमटं काढताना बटण बंद केलं होतं, पुन्हा लावलं."

"आणि मागची निळी वायर?"

थोडा वेळ काही बोलणे नाही. मग टेबल सरकल्याचा आवाज. "अरे, ती तर खालीच लोंबायलीय! थांब... हं, लावली. आता दिवा लुकलुकायलाय बघ."

पहिला धडा असा: उत्तरच आले नाही, तर यंत्र झोपलेले आहे, वायर सुटली आहे, पत्ता बदलला आहे, नाहीतर वाटेतली फायरवॉल निरोप गुपचूप गिळते आहे. एवढ्यातच शोधावे.

पुन्हा हाक मारली. या वेळी उत्तर आले, आणि तेही ताबडतोब: 'जोडणी नाकारली'. मला आनंद झाला! नकाराचा आनंद लग्नाच्या बाजारात कुणाला होत नसेल, पण इथे होतो. नकार आला म्हणजे घर सापडले, घरात कुणीतरी जागे आहे. फक्त त्या दारावर द्वारपाल नाही. अशा वेळी मागचे दार कामी येते. त्याचे नाव एस-एस-एच, क्रमांक २२. फिनलंडच्याच तातू युलेनेन यांनी, विद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरीला गेल्यावर, १९९५ साली ही कुलूपबंद वाट तयार केली. तिथून मी आत शिरलो आणि पाहिले, तर द्वारपाल उठलेलाच नव्हता. दोष माझाच. इन्व्हर्टरमुळे यंत्र वर्षभर बंद झाले नव्हते, आणि 'यंत्र सुरू झाले की तूही सुरू हो' ही आज्ञा त्याला द्यायची मी विसरलो होतो. आता दोन्ही आज्ञा दिल्या.

तिसरी हाक. नाव विचारले, पासवर्ड घेतला आणि पडदा उघडला. काळाकुट्ट! अमावास्या परवडली. साडेदहा वाजून गेले होते. मी हताश होऊन म्हटले, "आई, काहीच दिसत नाही गं."

"असं कसं? मला तर सगळं दिसायलंय. तुझी चित्रंबित्रं, अण्णांची फाइल..."

"तुला? तू आत गेलीस?"

"मग! तुझा पासवर्ड वहीत लिहिलेला होता. चालू झालाय का नाही, बघावं म्हटलं."

डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाच नावाने एकजण घरात बसलेला असताना दुसरा त्याच नावाने दुरून आला, की लिनक्सचा पडदा पुष्कळदा असा काळा राहतो. माउलीने मदतच केली होती; पण ती आत, म्हणून मी बाहेर! "आई, वरच्या कोपऱ्यातून 'लॉग आउट' कर," म्हटले. तिने केले, आणि लातूरच्या खोलीत नांदेडचा पडदा उजळला. शेवटचे पान तपासून सव्वाअकराला फाइल छापखान्याकडे गेली.

वाचकहो, दोन गोष्टी जाता जाता. नुसती फाइलच हवी असेल, तर पडद्याचा हट्ट कशाला? एस-एस-एचच्या वाटेने ती एका आज्ञेत आणता येते. मला हे सुचले दुसऱ्या दिवशी! आणि बोगद्याचा खटाटोप नको म्हणून ३३८९ चे दार साऱ्या जगाला कधीही उघडू नका. पासवर्डचे अंदाज बांधीत दारोदार हिंडणारी यंत्रे रात्रंदिवस जागी असतात. ज्या संगणकात घरचे फोटो, बँकेचे कागद आणि बापाच्या आठवणी आहेत, त्याचे कुलूप घराच्या कुलपाइतकेच पक्के हवे. पासवर्ड वहीत लिहायचाच तर वही कपाटात ठेवावी. आईसाठी मी आता निराळे नाव करून दिले आहे.

पुस्तिका वेळेवर आली. समारंभात अण्णांनी ती डोळ्यांजवळ धरून पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि पाहुणे जेवायचे थांबले. आईला मात्र त्याहून अभिमान आहे तो संगणकाच्या टेबलावर चिकटविलेल्या कागदाचा. तिच्या अक्षरात त्यावर लिहिले आहे: '१. दिवा बघणे. २. निळी वायर बघणे. ३. आपण आत असलो तर बाहेर येणे. ४. मग पोराला फोन करणे.'