पुनर्लागवड रोगाचे जैव नियंत्रण

जुनी फळबाग काढून त्याच जमिनीत त्याच किंवा निकटच्या जातीची झाडे लावली असता नव्या झाडांची वाढ खुंटते. या विकृतीस पुनर्लागवड रोग म्हणतात. सफरचंद, नासपती, चेरी, सप्ताळू इ. फळझाडांत तो आढळतो. बारीक मुळे काळी पडून कुजतात, फांद्या आखूड राहतात व फळे उशिरा आणि कमी येतात. झाड सहसा मरत नाही. परंतु सुरुवातीस मागे पडलेली वाढ पुढे क्वचितच भरून निघते.

रोगट माती उष्णतेने निर्जंतुक केल्यास तीत रोपे जोमाने वाढतात. यावरून रोगाचे कारण प्रामुख्याने जैव असल्याचे दिसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील सफरचंदाच्या बागांत रायझोक्टोनिया, सिलिंड्रोकार्पॉन ही कवके व पिथियम, फायटोफ्थोरा हे कवकसदृश जीव कारणीभूत असल्याचे मार्क मॅझोला यांनी १९९८ मध्ये दाखविले. काही ठिकाणी प्रॅटिलेंकस पेनेट्रन्स हा सूत्रकृमीही रोगात भर घालतो.

पूर्वी मिथिल ब्रोमाइडाची धुरी हा प्रमुख उपाय होता. ओझोन थरास हानिकारक ठरल्याने माँट्रिऑल करारान्वये त्याचा शेतीतील वापर विकसित देशांत २००५ पासून व विकसनशील देशांत २०१५ पासून, काही अपवाद वगळता, बंद झाला. शिवाय धुरीने उपकारक सूक्ष्मजंतूही मरतात.

उपकारक सूक्ष्मजंतू मुळांच्या पृष्ठभागावर वसाहत करून रोगकारकांना जागा व अन्न मिळू देत नाहीत. काही जाती प्रतिजैव पदार्थ निर्माण करतात, काही लोह बांधून ठेवतात, तर काही झाडाची प्रतिकारशक्ती जागृत करतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बॅसिलस सब्टिलिसच्या ईबीडब्ल्यू-४ या प्रकारामुळे रोगट जमिनीतील सफरचंदाची वाढ व उत्पादन वाढल्याचे आढळले (१९९२).

जमिनीतील मूळचे सूक्ष्मजंतू वाढविणे ही दुसरी पद्धत होय. बाग जुनी होत जाते तशी मातीची रायझोक्टोनिया दडपण्याची क्षमता घटते, असे वॉशिंग्टनमधील अभ्यासात दिसले. अशा मातीत आधी गहू वाढविल्यास स्यूडोमोनस प्यूटिडा हे सूक्ष्मजंतू वाढून ही क्षमता काही अंशी परत येते. मात्र हा गुण गव्हाच्या ठराविक वाणांतच असतो.

बाहेरून सोडलेले सूक्ष्मजंतू स्थानिक सूक्ष्मजीवांच्या स्पर्धेत पुष्कळदा टिकत नाहीत. रोगकारकांचे मिश्रणही जमिनीगणिक बदलते. त्यामुळे एका बागेत यशस्वी झालेला उपाय दुसरीत निष्फळ ठरू शकतो. म्हणून सहनशील खुंट, जुन्या ओळींमधील मोकळ्या पट्ट्यात लागवड व मोहरीवर्गीय पेंडीचा वापर यांची त्यास जोड देतात. भारतात हिमाचल प्रदेशातील जुन्या सफरचंद-बागांनाही ही समस्या भेडसावते.