माहिती चौकट : मैलाटाकीचा बंदोबस्त

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत ज्या वस्त्यांना भुयारी गटाराची वाहिनी जोडलेली नाही, तेथे शौचकुपाचे पाणी ज्या सेप्टिक टाकीत उतरते, तिच्यात जड गाळ तळाशी बसतो, स्निग्ध तवंग वर तरंगतो आणि मधले निवळ पाणी तेवढे शोषखड्ड्याकडे जाते.

उपसा : गाळ व तवंग मिळून टाकीची सुमारे एकतृतीयांश खोली व्यापू लागली, अथवा दोन-तीन वर्षांची मुदत भरली, की सोसायटीने सक्शन टँकरची तजवीज करावी, तळाशी थोडा गाळ मुद्दाम राखावा, कारण पुढील विघटनाचे जिवाणू त्यातूनच वाढतात, आणि टँकर नाल्यात वा खाडीत नव्हे, तर मलप्रक्रिया केंद्रावरच रिता होतो, याची पावतीनिशी खातरजमा करावी.

निगा : ॲसिड व जंतुनाशके बेताने वापरावीत, चिंध्या, सॅनिटरी नॅपकिन, तळणीचे तेल आत जाऊ देऊ नये, वायुनलिकेच्या तोंडाची डासजाळी शाबूत ठेवावी.

सक्त मनाई : सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड, प्रमाण वाढताच, घ्राणशक्तीच बधिर करून माणसाचा प्राण घेतो. ठाण्यात ढोकाळी येथे मे २०१९ मध्ये एका गृहसंकुलाची सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार दगावले. संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा असून, पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, फर्मावण्याची त्यात तरतूद आहे.